हिशोबाची अमानत : अबू रैहान अल-बैरूनी (रह.)



शालेय इतिहासात अल्बेरुनी या नावाने ज्यांचा ओझरता उल्लेख येतो, ते अबू रैहान मुहम्मद इब्ने अहमद अल-बैरूनी (रह.) इस्लामी ज्ञानपरंपरेतील अग्रगण्य विद्वानांपैकी एक होते. खगोल, गणित, भूगोल, औषधी वनस्पती, रत्ने, कालगणना, निरनिराळ्या समाजांच्या श्रद्धा, अशा कितीतरी विषयांवर त्यांनी लिहिले. त्यांचे समग्र चरित्र मासिकाच्या चार पानांत मावणार नाही. म्हणून त्यांच्या आयुष्यातील दोन हिशोब निवडून आज आपल्यापुढे ठेवीत आहे. पहिला हिशोब त्यांनी ऐन तारुण्यात मांडला. त्याचे उत्तर वीस अंकी आहे. दुसरा त्यांनी मृत्युशय्येवर समजून घेतला; तो एका आजीच्या वारसाहक्काचा आहे. आकाराने या दोहोंत आकाश-पाताळाचे अंतर आहे. तथापि दोन्ही हिशोबांमागची वृत्ती एकच होती. ती वृत्ती आपल्या घरात आहे काय, हे प्रत्येक वाचकाने हा लेख वाचून स्वतःशी ताडून पाहावे, एवढीच विनंती.

जन्म आणि अस्थिर तारुण्य

मध्य आशियात अमू नदीच्या खालच्या खोऱ्यात ख्वारिज्म नावाचा प्रदेश आहे. तेथील काथ या शहराच्या परिसरात ३ जिल्हज्ज हिजरी ३६२, म्हणजे ४ सप्टेंबर इ. स. ९७३ रोजी अल-बैरूनी यांचा जन्म झाला. बैरून म्हणजे बाहेरचा भाग. नगराच्या मुख्य वस्तीबाहेर जन्मल्यामुळे हे नाव त्यांना चिकटले, असे मानले जाते. राजघराण्यातील गणितज्ञ अबू नस्र मन्सूर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले आणि कोवळ्या वयातच सूर्याची उंची मोजून आपल्या गावाचा अक्षांश काढण्याचा नाद त्यांना लागला.

परंतु ज्ञानसाधनेला लागणारी शांतता त्यांच्या वाट्याला फार काळ आली नाही. इ. स. ९९५ मध्ये ख्वारिज्मच्या दोन सत्ताधारी घराण्यांत युद्ध पेटले. ज्या घराण्याचा आश्रय होता तेच उखडले गेले आणि बावीस वर्षांच्या या तरुणाला देशोधडीला लागावे लागले. त्यांनी काही काळ रय येथे काढला. पुढे ते काथला परतले तेव्हा इ. स. ९९७ च्या मे महिन्यात एक चंद्रग्रहण होते. त्यांनी बगदादमधील ज्येष्ठ गणितज्ञ अबुल वफा यांच्याशी आधीच संधान बांधले होते. एकाच ग्रहणाची वेळ एकाने बगदादेत आणि दुसऱ्याने काथमध्ये टिपली. दोन्ही वेळांतील फरकावरून दोन शहरांचे पूर्व-पश्चिम अंतर काढता आले. दूरध्वनी नाही, तार नाही; तरी शेकडो कोसांवरील दोन माणसे एकाच रात्री एकाच चंद्राकडे पाहून पृथ्वी मोजीत होती.

यानंतर अल-बैरूनी कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेस असलेल्या गुर्गान येथे काबूस या राजाच्या आश्रयास गेले. तेथे इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी आपला पहिला मोठा ग्रंथ पूर्ण केला. अल-आसारुल बाकिया हे त्याचे नाव. प्राचीन लोकांच्या कालगणना, महिने, सण आणि संवत यांचा तो कोश आहे. त्याच ग्रंथात, संवतांच्या गणिताच्या ओघात, आपला पहिला हिशोब येतो.

बुद्धिबळाच्या पटावरील संख्या

आपणांपैकी अनेकांनी ती कथा ऐकली असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या एका हिंदुस्थानी पंडितावर राजा प्रसन्न झाला आणि हवे ते माग म्हणाला. पंडिताने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्ट घरांपर्यंत दुप्पट करीत जाऊन जेवढे दाणे होतील तेवढे मागितले. राजाला ही मागणी क्षुल्लक वाटली. कारभाऱ्यांनी हिशोब केला तेव्हा राज्याची सारी कोठारेही पुरणार नाहीत असे निघाले. कथा खरी की रचलेली, हा प्रश्न येथे गौण आहे. बुद्धिबळ खेळावे की नाही, हा फिक्हचा मसलाही निराळा आहे. अल-बैरूनी यांचे लक्ष ना खेळाकडे होते, ना राजाकडे. त्यांना ती बेरीज हवी होती, आणि ती अचूक हवी होती.

आपण कागद घेऊन दुप्पट करीत बसलात तर त्रेसष्ट वेळा दुप्पट करावी लागेल आणि शेवटी चौसष्ट संख्यांची बेरीज. एक अंक चुकला की सारे मुसळ केरात. अल-बैरूनी यांनी दोन नियम सांगून हा डोंगर सहा पायऱ्यांत ओलांडला.

पहिला नियम असा. पटावरील कोणत्याही घरातील संख्येला तिनेच गुणले, तर जी संख्या येते ती पहिल्या घरापासून दुप्पट अंतरावरील घरात असते. उदाहरणार्थ, पाचव्या घरात १६ दाणे असतात. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे दूर आहे. १६ ला १६ ने गुणले की २५६ येतात, आणि पाचव्यापासून आणखी चार घरे पुढे, म्हणजे नवव्या घरात, नेमके २५६ दाणे असतात.

दुसरा नियम त्याहूनही सुटसुटीत आहे. कोणत्याही घरातील संख्येतून एक वजा केला की त्याआधीच्या सर्व घरांची बेरीज मिळते. सहाव्या घरात ३२ आहेत. १, २, ४, ८ आणि १६ यांची बेरीज करून पाहा. ती ३१ भरेल.

आता हे दोन नियम एकत्र करा. दुसऱ्या घरातील २ पासून निघा. २ चा वर्ग ४, हे तिसरे घर. ४ चा वर्ग १६, हे पाचवे. १६ चा वर्ग २५६, हे नववे. त्याचा वर्ग ६५,५३६, हे सतरावे. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हे तेहतिसावे. त्याचाही वर्ग केला की पासष्टावे घर येते. पासष्टावे घर पटावर नाही. पण ते आहे असे मानून त्यातून एक वजा केला की चौसष्टही घरांची बेरीज हाती येते. ती अशी :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

केवळ सहा गुणाकार आणि एक वजाबाकी! आपल्या मुलांना ही रीत अवश्य करून दाखवा. बुद्धीचा उपयोग श्रम वाचवण्यासाठी कसा करावा, याचा यापेक्षा चांगला धडा मिळणे कठीण.

अल-बैरूनी एवढ्यावर थांबले नाहीत. वीस अंकी संख्या लिहून दाखवली तरी वाचकाच्या मनाला तिचा आकार कळत नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी दाण्यांच्या जागी दिरहम कल्पिले आणि ती संख्या टप्प्याटप्प्याने विभागली. दहा हजार दिरहमांची एक थैली. आठ थैल्यांचे एका खेचरावर ओझे. दहा हजार खेचरांचा एक तांडा. एका ओढ्याच्या काठी असे एक हजार तांडे. एका पर्वतावरून उगम पावणारे असे दहा हजार ओढे. इतके करूनही २,३०५ पर्वत लागतात आणि वर काही उरतेच. एवढे सारे सामावून घेणे पृथ्वीच्या आवाक्याबाहेरचे आहे असे नमूद करून, अल्लाहच्या ज्ञानाचा व सामर्थ्याचा उल्लेख करीत त्यांनी तो विषय संपवला.

आजच्या मापाने पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅम धरले तर पटावरील गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. आज सर्व जगात मिळून वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे साऱ्या जगाने एक दाणाही न खाता नऊशेहून अधिक वर्षे पीक साठवावे, तेव्हा कुठे चौसष्ट घरे भरतील. आणि कोणी सेकंदाला एक याप्रमाणे हे दाणे मोजावयास बसला, तर त्याला ५८,००० कोटींहून अधिक वर्षे लागतील. लाकडाच्या एका फळीवर, एका दाण्यापासून आरंभ झालेली ही गणना आहे.

संख्येचे अंतरंग

ही संख्या नुसती मोठी नाही. तिची रचनाही पाहण्यासारखी आहे. तिचा शेवटचा अंक ५ आहे, म्हणून तिला ५ ने निःशेष भाग जातो. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून तिला ३ नेही भाग जातो. पण ९ ने जात नाही. याहून सुंदर गोष्ट पुढेच आहे. अल-बैरूनी ज्या पायऱ्यांवरून चढले त्या आठवा : २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६. या प्रत्येकीत एक मिळवा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. या सहा संख्यांचा परस्पर गुणाकार केला की पटाची तीच वीस अंकी बेरीज येते. पडताळून पाहावयाचे असेल तर लहानापासून आरंभ करा. ३ गुणिले ५ म्हणजे १५, ही पहिल्या चार घरांची बेरीज. त्याला १७ ने गुणा. २५५, ही पहिल्या आठ घरांची. त्याला २५७ ने गुणा. ६५,५३५, ही पहिल्या सोळा घरांची.

या सहांपैकी पहिल्या पाच मूळ संख्या आहेत, म्हणजे त्यांना १ आणि त्या स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही. सतराव्या शतकात फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाचा असा समज झाला की या रीतीने बनणारी प्रत्येक संख्या मूळच असणार. इ. स. १७३२ मध्ये ऑयलर यांनी सहावीला ६४१ ने भाग जातो हे दाखवून तो समज खोटा ठरवला. ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा तो गुणाकार आहे. पाच वेळा खरे ठरले म्हणून सहाव्या वेळी तपासावयाचे नाही, असे गणितात चालत नाही. व्यवहारातही चालू नये.

आज संगणक ज्या चौसष्ट बिटांच्या खान्यात आकडे ठेवतो, त्या खान्यात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या नेमकी हीच आहे. खाने चौसष्ट, घरे चौसष्ट, आणि दुप्पट होत जाण्याचा नियमही तोच.

धूळपाटीवरची चाप

तरुणपणीचा हा हिशोब झाल्यावर अल-बैरूनी मायदेशी परतले आणि ख्वारिज्मच्या मामून घराण्याच्या दरबारात सन्मानाने राहिले. पण इ. स. १०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकला आणि तेथील विद्वानांसह अल-बैरूनी यांना गझनीस नेण्यात आले. घर, ग्रंथ, उपकरणे, सारे मागे राहिले. वय चव्वेचाळीस.

पुढच्याच वर्षी, इ. स. १०१८ मध्ये, ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. सूर्याची उंची मोजावयाची होती, पण हाताशी कोणतेही यंत्र नव्हते. तेव्हा त्यांनी हिशोब करावयाची धूळपाटी उलटी केली, तिच्या पाठीवर अंशांच्या खुणा असलेली चाप आखली, ओळंबा लावला आणि त्या ओबडधोबड साधनाने मोजणी केली. आपली अवस्था किती दैन्याची होती हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. मोजणी मात्र सोडली नाही. साधने नाहीत ही सबब आपण किती सहज पुढे करतो, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

गझनीत राहून त्यांनी इ. स. १०२५ मध्ये शहरांची परस्पर अंतरे निश्चित करण्यावर एक ग्रंथ सिद्ध केला. त्यामागे एक प्रश्न होता : गझनीच्या रहिवाशांनी नमाजसाठी नेमके कोणत्या दिशेला तोंड करावे? मक्का कोठे, गझनी कोठे, मधल्या शहरांचे अक्षांश-रेखांश किती, हे कळल्यावाचून किब्ला अचूक सांगता येत नाही. गणित हे दुनियेचे इल्म आणि नमाज हे दीनचे, अशी भिंत उभारणाऱ्यांना हा ग्रंथ परस्पर उत्तर देतो.

पंजाबात झेलम नदीच्या भागातील नंदना किल्ल्यावर असताना त्यांनी पृथ्वीची त्रिज्या मोजली. त्यांच्या दोनशे वर्षे आधी खलीफा मामूनच्या पदरी असलेल्या खगोलज्ञांनी सिंजारच्या वाळवंटात दोन दिशांना चालत जाऊन पृथ्वीचा परीघ मोजला होता. अल-बैरूनी यांनी तो प्रवास वाचवला. मैदानालगतचा एक डोंगर निवडला. त्याची उंची सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर उभे राहून क्षितिज सपाट रेषेपेक्षा किती खाली झुकलेले दिसते ते पाहिले. तो झुकाव ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक होता. या दोन लहानशा मापांवरून त्यांनी साऱ्या पृथ्वीची त्रिज्या काढली.

हिंदुस्थानचा साक्षेपी अभ्यासक

याच काळात त्यांनी संस्कृत शिकावयास आरंभ केला. चाळिशी उलटून गेली होती, भाषा अपरिचित होती आणि पंडित सहजासहजी बोलावयास तयार नव्हते. तरी त्यांनी हट्टाने ग्रंथ मिळवले आणि शिकले. इ. स. १०३० मध्ये किताबुल हिंद हा त्यांचा विख्यात ग्रंथ पूर्ण झाला. दुसऱ्याच्या धर्माविषयी लिहिताना त्यांनी खंडनमंडन बाजूला ठेवले आणि हिंदू विद्वान जे मानतात ते त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे जसेच्या तसे मांडले. महमूदच्या स्वाऱ्यांमुळे हा देश उद्ध्वस्त झाला, येथील लोकांच्या मनात मुसलमानांविषयी दुरावा निर्माण झाला आणि येथील विद्या दूर निघून गेल्या, हेही त्यांनी त्याच ग्रंथात लिहून ठेवले. ज्या राज्यात स्वतः राहत होते, त्याच राज्याच्या कृतीविषयी असे लिहिणे सोपे नव्हे. हिशोबात जसा खोटा अंक चालत नाही, तसाच इतिहासातही चालू नये, ही त्यांची निष्ठा.

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशीही एक नोंद तेथे आहे. वाटा आणि अंतरे सांगताना त्यांनी धारच्या दक्षिणेस मऱ्हाट देश आणि त्यापुढे कोकण व समुद्रकाठची त्याची राजधानी ठाणे यांचा निर्देश केला आहे. त्यांचा स्वतःचा वावर पंजाबच्या आसपासच होता, पण आपली भूमी त्यांच्या लेखणीला ठाऊक होती.

अरब जे अंक वापरतात ते हिंदुस्थानी अंकांवरूनच घेतलेले आहेत, हे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. हिंदू लोक संख्येच्या अठरा स्थानांना स्वतंत्र नावे देतात आणि अठरावे स्थान परार्ध होय, हेही त्यांनी नोंदवले. आपल्या मराठी अंकगणितातील तोच परार्ध, एकावर सतरा शून्ये. बुद्धिबळाच्या पटावरील बेरीज अशा १८४ परार्धांहूनही अधिक भरते.

घेणे चालू असताना देणेही चालू होते. पतंजलीचा योगविषयक ग्रंथ त्यांनी अरबीत आणला. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे खगोलशास्त्र संस्कृतात आणण्याचे काम हाती घेतले. इ. स. १०२९ मध्ये त्यांनी गणित व खगोलाची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांच्या रूपात सांगणारे पुस्तक लिहिले, ते रैहाना बिन्ते हसन या ख्वारिज्मच्या एका स्त्रीसाठी. हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम स्त्रीला भूमिती शिकावयाची होती आणि त्या युगाच्या श्रेष्ठ गणितज्ञाने तिच्यासाठी पुस्तक लिहिले. मुलींच्या शिक्षणाला वेळ आणि पैसा खर्च करताना ज्यांचा हात आखडतो, त्यांनी ही नोंद मनात ठेवावी.

महमूदनंतर मसऊद गादीवर आला. त्याच्या नावे अल-बैरूनी यांनी अल-कानूनुल मसऊदी हा खगोलशास्त्राचा महाग्रंथ लिहिला. चरित्रकार सांगतात की सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीवर लादून चांदी पाठवली, आणि अल-बैरूनी यांनी गरज नाही म्हणून ती खजिन्यात परत धाडली. दिरहमांनी लादलेल्या खेचरांचे तांडे ज्यांनी तारुण्यात कागदावर मोजून संपवले होते, त्यांना एका हत्तीवरच्या चांदीचे काय अप्रूप! वर्षातील नवरोज व मेहरगान हे दोन दिवस वगळता त्यांच्या हातून लेखणी सुटत नसे, असेही सांगतात. वयाच्या साठीनंतर त्यांनी आपल्या ग्रंथांची यादी केली तेव्हा ती शंभरापलीकडे गेली होती.

अखेरचा प्रश्न

आता दुसरा हिशोब. अल-बैरूनी यांचे निधन सामान्यतः हिजरी ४४०, म्हणजे इ. स. १०४८ मध्ये गझनी येथे झाले असे मानतात. याकूत या चरित्रकाराने त्यांच्या अंतकाळाचा वृत्तांत दिला आहे. अल-वलवालिजी नावाचे एक फकीह भेटीस आले तेव्हा अल-बैरूनी यांचा श्वास घशात घरघरत होता. तशा अवस्थेत त्यांनी पाहुण्याला विचारले की, एकदा आपण मला जद्दा फासिदाच्या वारसाचा हिशोब सांगितला होता, तो कसा होता? फकीहांना दया आली. अशा वेळी हे कशाला, असे ते म्हणाले. अल-बैरूनी यांचे उत्तर असे की, हा मसला न जाणता जग सोडण्यापेक्षा जाणून घेऊन सोडणे अधिक चांगले नव्हे काय? फकीहांनी तो पुन्हा समजावून सांगितला आणि अल-बैरूनी यांनी तो नीट ध्यानात घेतला. फकीह निरोप घेऊन निघाले. वाटेतच त्यांना घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला.

हा मसला काय आहे, हे थोडक्यात समजून घ्या. मृताच्या आईची आई किंवा बापाची आई ही जद्दा सहीहा होय. तिला वारसात ठरलेला हिस्सा आहे. मधल्या नात्यात आईचा बाप येत असेल, जसे की आईच्या बापाची आई, तर तिला फिक्हच्या परिभाषेत जद्दा फासिदा म्हणतात. फासिदा हा शब्द येथे अवमानाचा नाही. हनफी मतानुसार तिचा हिस्सा ठरलेल्या हिस्स्यांत येत नाही, तिचा हक्क दूरच्या नातेवाइकांच्या वर्गात पाहिला जातो, एवढाच त्याचा अर्थ. आजीचा एक-षष्ठांश हिस्सा कसा निश्चित झाला, तेही पाहण्यासारखे आहे. एक आजी हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याकडे हक्क मागण्यास आली. त्यांनी लोकांकडे विचारणा केली. प्रेषित (स.) यांनी आजीला सहावा हिस्सा दिल्याची साक्ष हजरत मुगीरा (रजि.) यांनी दिली. त्यावर दुसरा साक्षीदार मागितला गेला, हजरत मुहम्मद इब्ने मस्लमा (रजि.) यांनी दुजोरा दिला, तेव्हाच निर्णय झाला. एका वृद्धेच्या सहाव्या हिश्शासाठी एवढी पडताळणी!

आपला हिशोब

वाचकहो, वारसाचे हिस्से अल्लाह तआलाने सूरह निसामध्ये स्वतः ठरवून दिले आहेत. ख्वारिज्मचेच नाव लावणारे अल-ख्वारिज्मी यांनी अल-जब्रवर, म्हणजे बीजगणितावर, जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारसाच्या हिशोबांनीच व्यापलेला आहे. हे हिशोब कठीणही नाहीत. समजा, एका गृहस्थामागे कर्ज व वसीयत फेडल्यावर उरलेली मालमत्ता आहे आणि वारस पत्नी, आई, एक मुलगा व एक मुलगी आहेत. मालमत्तेचे ७२ भाग करा. पत्नीचा आठवा हिस्सा ९ भाग, आईचा सहावा हिस्सा १२ भाग. उरले ५१, त्यांतून मुलाला ३४ आणि मुलीला १७. बेरीज करून पाहा. ७२ च भरतील. इयत्ता सातवीतील मुलाला जमेल असे हे गणित आहे.

मग आपल्या वस्त्यांतून ते का अडते? वडिलांच्या कफनाची घडी मोडते न मोडते तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवला जातो. सातबाऱ्यावर तिचे नाव लागू नये म्हणून भाऊ एकत्र येतात. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते, आणि तिने आनंदाने हक्क सोडला असे आपण सर्वांना सांगतो. ज्या १७ भागांचा हिशोब अल्लाहने लावून दिला, तो आपण शून्यावर आणून ठेवतो आणि पाच वेळा त्याच अल्लाहपुढे उभे राहतो. आईचा, आजीचा हिस्सा तर अनेक घरांत कोणाला आठवतही नाही.

अल-बैरूनी यांच्याजवळ वाटून देण्यासारखी मालमत्ता होती म्हणून त्यांनी तो प्रश्न विचारला, असे वृत्तांत सांगत नाही. त्यांना केवळ एक हक्क नीट समजून घ्यावयाचा होता. वीस अंकांची संख्या शेवटच्या पाचापर्यंत अचूक असावी, हा आग्रह धरणाऱ्या माणसाला सहाव्या हिश्शातली चूकही तेवढीच मोठी वाटत होती. हिशोब लहान असो वा मोठा, तो अमानत आहे. आणि अमानतीचा जाब आपल्याला द्यावयाचा आहे, तेथे एकही दाणा नजरेतून सुटणार नाही.

म्हणून या महिन्यात दोन गोष्टी कराव्यात, अशी नम्र विनंती आहे. मुलांना, आणि मुलींनाही, पटाच्या चौसष्ट घरांची बेरीज अल-बैरूनी यांच्या रीतीने करून दाखवा. गणित हेही अल्लाहच्या निर्मितीकडे पाहण्याचे एक दार आहे, हे त्यांना कळू द्या. आणि घरात एखाद्या बहिणीचा, मुलीचा, आईचा किंवा आजीचा हिस्सा राहून गेला असेल, तर जाणकार आलिमांकडे बसून तो काढा आणि ज्याचा त्याला पोहोचवा. तिकडे घरघरत्या श्वासात एका माणसाने हा हिशोब विचारून घेतला. आपला श्वास तर अजून मोकळा आहे.

अल्लाह तआला अबू रैहान अल-बैरूनी यांच्या प्रयत्नांचे त्यांना उत्तम फळ देवो, आपल्याला उपयोगी ज्ञान देवो आणि एकमेकांचे हक्क पूर्ण मापाने अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.